शर्यत संपल्यावर बैल काय करतो?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवून ठेवला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आता घरोघरी आहेत, मी बैलांच्या शर्यतीवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं, पण वीस मिनिटांत आटप. जेवण थंड होतं." तेव्हा वीस मिनिटांचा करार आहे. सरांनी घड्याळाकडे बघत राहावं, तासाला बघायचे तसं.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, माझे वडील शिक्षक म्हणून पुणे जिल्ह्यातून इकडे आले आणि गंजाडचेच होऊन राहिले. माझं आजोळ मात्र खेड तालुक्यात. चैत्रात गावची यात्रा असली की आई आम्हाला घेऊन जायची. परत आल्यावर मी मधल्या सुट्टीत तुम्हाला गाड्यांच्या गोष्टी सांगायचे आणि तुम्हाला त्या खोट्या वाटायच्या. चार बैल, पुढे एक घोडी, आणि सगळं संपतं अकरा-बारा सेकंदांत? "मग तू तिथे तीन दिवस काय बघत होतीस?" असं मला एकाने विचारलं होतं. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला आज सविस्तर उत्तर देते.

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूर या भागात या शर्यतीला 'बैलगाडा' म्हणतात आणि ती जिथे होते त्या चढाच्या धावपट्टीला 'घाट'. निमगाव दावडीचा घाट, थापलिंगचा घाट ही तिथली मोठी नावं. हलका लाकडी गाडा, पुढे जुकाटाची जोडी, मागे धुरेची जोडी. गाडा सुटला की त्याला आवरणारं कोणी नसतं, पुढची घोडी वाट दाखवते. एकेका गाड्याची 'बारी' होते आणि वेळ सेकंदाच्या भागात मोजतात. सगळ्यांत कमी वेळेचा गाडा 'घाटाचा राजा'. हाच खेळ विदर्भात 'शंकरपट' होतो, दोन जोड्या शेजारी-शेजारी पळतात. सांगली-साताऱ्याकडे छकडे पळतात. अलिबागच्या बाजूला ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. नावं वेगळी, नियम वेगळे, पण मूळ एकच. वर्षभर शेतात राबलेला बैल वर्षातून एक दिवस पळतो आणि त्याच्या मालकाचं नाव गावाला कळतं.

आता तुम्हाला थोडं लांब घेऊन जाते. २००९ ते २०११ अशी दोन वर्षं मी कामासाठी इंग्लंडमध्ये स्विंडन नावाच्या गावात होते. तिथला माझा एक सहकारी निवृत्तीला आलेला होता. एका गुरुवारी संध्याकाळी तो मला गावाबाहेरच्या ॲबी स्टेडियमवर घेऊन गेला. तिथे 'स्पीडवे' बघायचा होता. हा मोटारसायकलींच्या शर्यतीचा एक प्रकार. मातीचा लंबगोल रस्ता, चार स्वार, चार फेऱ्या. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, आणि गाडीला ब्रेकच नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत नेतात, डावा पाय जमिनीला टेकलेला, अंगावर मातीचा फवारा. एक शर्यत साधारण एका मिनिटात संपते. मग ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, की पुढची शर्यत. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. माझा सहकारी मांडीवर कार्यक्रमपत्रिका ठेवून पेनने प्रत्येक शर्यतीचे गुण भरत होता. आजूबाजूला सगळे तेच करत होते. आणि त्यातले बहुतेक त्याच्याच वयाचे होते.

मला हसू आलं, कारण माझा मामा हेच करायचा. घाटावर खिशातली छोटी वही काढून प्रत्येक बारीची वेळ लिहायचा. लाउडस्पीकरवर सगळं सांगत असले तरी लिहायचाच.

त्या खेळाचा इतिहास नंतर मी थोडा वाचला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या या खेळाची ब्रिटनमधली सुरुवात लंडनजवळच्या हाय बीच इथल्या १९ फेब्रुवारी १९२८ च्या शर्यतीपासून धरतात. काही वर्षांतच तो कामगारवस्तीचा लाडका खेळ झाला. १९३६ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी वेंब्लीवर झाली. १९८१ मध्ये वेंब्लीवरची शेवटची अंतिम फेरी झाली, तेव्हाही नव्वद हजारांहून जास्त लोक होते. आणि मग उतार लागला. तो उतार नेमका कशाचा होता, हे बघण्यासारखं आहे. स्वार कमी पडले म्हणावं, तर टाय वॉफिंडेन हा ब्रिटिश स्वार २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीनदा जगज्जेता झाला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या संघाने राष्ट्रांची स्पर्धा जिंकली. खेळ चांगला चालला होता. मैदानं मात्र जात होती.

बहुतेक ठिकाणी शर्यत भरवणाऱ्याची स्वतःची जागा नव्हती. स्टेडियम दुसऱ्याचं, हे भाडेकरू. शहर वाढलं, जागेचा भाव वाढला, शेजारी नवी घरं आली, त्या घरांना इंजिनाचा आवाज नको झाला. मालकाला त्या जागेचं दुसरं काही करायचं असलं की भाडेकरूने उठायचं. कॉव्हेंट्रीला १९२८ पासून शर्यती होत होत्या, २०१६ नंतर त्या थांबल्या. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन २०२३ मध्ये बंद झाले. चांगले स्वार आधीच पोलंडकडे वळले होते, कारण पैसा तिकडे. आणि आमचं स्विंडन? १९४९ पासून ॲबी स्टेडियमवर शर्यती. २०१७ ला संघ लीगचा विजेता, २०१९ ला परत विजेता. २०२० चा हंगाम कोविडमुळे झाला नाही. त्यानंतर तिथे एकही शर्यत झालेली नाही. शेवटच्या हंगामातला विजेता संघ घरी गेला तो गेलाच. माझा सहकारी आता ऐंशीच्या घरात आहे. नाताळाला मला पत्र पाठवतो. त्यात अजून लिहितो, "गुरुवारी संध्याकाळी काय करावं कळत नाही."

आमच्या कामात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. एखादी प्रणाली बंद पडते ती तिच्या आतल्या दोषामुळे फार कमी वेळा. ती ज्या दुसऱ्या गोष्टीवर उभी असते, ती गोष्ट कोणीतरी काढून घेतं. काढणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं की हिच्यावर दुसरं काही उभं आहे. स्पीडवे उभा होता गावाबाहेरच्या स्वस्त जमिनीवर. ती स्वस्त राहिली नाही.

आता परत आपल्याकडे येऊ. बैलांच्या शर्यतीची कहाणी वर्तमानपत्रात वाचलेली असेल, पण ती कोर्टाच्या तारखांची कहाणी म्हणून. थोडक्यात सांगते. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारच्या अधिसूचनेने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. निकालात म्हटलं होतं की बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, शर्यतीसाठी त्याची शरीररचना नाही, आणि त्याला भीती व वेदना यांपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचं मोठं आंदोलन झालं, तमिळनाडूने कायदा बदलला, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बदलला. पण आपल्याकडे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये परवानगी द्यायला मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला तात्पुरती मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. अट एकच, नियम काटेकोर पाळायचे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, हजार मीटरपेक्षा लांब पळवायचं नाही, जनावराला इजा करायची नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, कारण आजोळच्या माणसांना ती आवडत नाही. बंदी मागणारे सगळेच शहरातले, बैल न पाहिलेले लोक होते, असं नाही. शेपटी पिरगाळणं, टोचणी, काठी हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. मामा स्वतः तसं कधी करत नसे, पण शेजारचा करत असला तर त्याला थांबवतही नसे. न्यायालयाने जे लिहिलं ते हवेतून लिहिलेलं नव्हतं.

पण २०१४ ते २०२१ ही साडेसात वर्षं बैलाच्या हिशेबाने मोजून बघा. बैलाची ऐन पळण्याची उमेद चार-पाच वर्षांची. म्हणजे एक अख्खी पिढी घाट न बघता म्हातारी झाली. त्यातच मार्च २०१५ पासून राज्यात बैल कत्तलीसाठी विकायलाही बंदी आली. ते बरोबर की चूक यावर इथे वाद नको, जेवण थंड होईल. शेतकऱ्याचा हिशेब तेवढा सांगते. ज्याच्या दावणीला बैल होता त्याला शर्यतीचं आकर्षण नाही, म्हातारा बैल विकता येत नाही, आणि कडब्याचा भाव चढलेला. तो पुढचा खोंड कशाला घेईल? मामाने त्या वर्षांत शेवटची जोडी काढली आणि ट्रॅक्टरवाल्याला तासाने पैसे द्यायला लागला.

म्हणून मला असं वाटतं की कोर्टापेक्षा मोठा धक्का ट्रॅक्टरचा होता, आणि तो कुठल्याही तारखेला बसलेला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-बैल मिळून सुमारे १९ कोटी २५ लाख जनावरं होती. त्यातल्या माद्या साडेचौदा कोटी. म्हणजे नर पावणेपाच कोटींच्या आसपास. आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा माद्या वाढल्या आणि नर तीस टक्क्यांनी घटले. सात वर्षांत दहांतले तीन बैल गेले. हे पूर्ण देशात घडलं, जिथे शर्यत कधी नव्हती तिथेही.

शर्यत उभी होती शेतातल्या बैलावर. परवानगी परत आली तेव्हा शेतातला बैल नव्हता. मग काय आलं? मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला मोठी शर्यत झाली. पहिलं बक्षीस जेसीबी. खालच्या क्रमांकांना बोलेरो, ट्रॅक्टर. मी ती बातमी दोनदा वाचली. बैल जोरात पळाला तर मालकाला ट्रॅक्टर! बैलाला समजलं असतं तर तो घाटातच थांबला असता.

(इथे सभागृहात हशा.)

हसा, पण माझा मामेभाऊ हसत नाही. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "ताई, एक खोंड बघितलाय. खिल्लार आहे. चौघांत भागी करतोय, तू दोन लाख घाल." मी त्याला बघायला गेले. गोठा बघून थक्क झाले. बैलाला पंखा, खाली रबरी गादी, खुराकात दूध आणि अंडी, रोज पोहणी. नजर लागू नये म्हणून पायात काळा दोरा. बैल देखणा होता, यात शंका नाही. मी विचारलं, "याच्याकडून नांगर ओढतोस का?" तो म्हणाला, "ताई, खांदा खराब होतो." मग मी विचारलं, "शर्यत संपल्यावर हा काय करतो?" त्याला प्रश्नच कळला नाही. "पुढच्या शर्यतीची तयारी," म्हणाला.

त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, मुलगी बारावीला आहे. एक पाय लचकला तर चौघांचे पैसे गेले. आणि तरीही मी त्याला वेडा म्हणू शकले नाही, कारण गावात त्याचं नाव ज्या दिवशी लाउडस्पीकरवर घेतलं जातं, तो एक दिवस त्याच्या वर्षाला पुरतो. शेतीत त्याचं नाव कोणी घेत नाही. हे मला मामाच्या वहीवरून कळतं.

आता आपल्या गंजाडचं. आपल्याकडचा बैल शर्यतीचा नव्हे. जव्हार-मोखाडा, इगतपुरी-अकोल्याकडची डांगी जात शर्यतीला जड, पण तिच्या कातडीला तेलकट ओलावा असतो. त्यामुळे आपला पाऊस ती अंगावर घेते. पाण्याने भरलेल्या खाचरात चिखलणी करत पाय रोवून उभी राहते. आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेला दांडी मारली ती आवणीच्या दिवसांत, बैलांमागे जायला. सर, तुम्ही हजेरी घेताना "आवणी का रे?" विचारायचात आणि पुढे जायचात, ते आम्ही विसरलो नाही. वाघबारशीला गुराख्यांची मजा, वाघोबाचा नैवेद्य, हे सगळं जनावराभोवतीच होतं.

एक छोटी मोजणी करू या. आपण दहावीत होतो तेव्हा ज्यांच्या घरी बैलजोडी होती, त्यांनी हात वर करा.

(जवळजवळ अर्ध्या सभागृहाचे हात वर. मोजले, एकेचाळीस.)

आता ज्यांच्या घरी आज आहे, त्यांनीच ठेवा.

(चार.)

बघा. आपल्याकडे कुठलीही शर्यत नव्हती, कुठल्याही कोर्टाने काही म्हटलं नव्हतं. एकेचाळीसचे चार झाले आणि कुठे बातमी आली नाही.

त्या चारांतल्या एकीशी मी काल संध्याकाळी बोलले. तिची खाचरं डोंगराच्या उतारावर, लहान लहान. तिथे ट्रॅक्टर वळत नाही म्हणून बैल आहेत. तिला मी म्हटलं, "तुझी जोडी सगळ्यांत शेवटपर्यंत टिकेल." ती म्हणाली, "बैल टिकतील गं, पण त्यांच्यामागे चालणारा कोण? पोरगा वापीला कंपनीत जातो." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

गंजाडच्या माणसाला एक उदाहरण मात्र बाहेर शोधायला जावं लागत नाही. जिव्या सोमा म्हसे आपल्या गावचे. वारली चित्र हे लग्नाच्या चौकाचं, सवाशिणींनी भिंतीवर काढायचं. १९७० च्या दशकात म्हसे यांनी ते कागदावर आणलं, लग्न नसतानाही काढलं. चित्र जगभर गेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये ते गेले, पण आज या तालुक्यात कितीतरी घरं चित्रांवर चालतात. म्हणजे जुना आधार निसटत असताना कलेला दुसरा आधार मिळाला. त्यात बरंच बदललं, काढणारे हात बदलले, विकत घेणारे बदलले, पण हात चालू राहिले. चित्राला ते जमलं कारण त्याला लागतो तांदळाचा पांढरा रंग, एक काडी आणि शिकवणारं माणूस. बैलाला रोज चारा लागतो. स्पीडवेला एकरभर जागा लागते. सगळ्याच गोष्टी कागदावर उतरवता येत नाहीत.

म्हणून शर्यत राहील की जाईल, हा प्रश्न मी आता जरा वेगळा विचारते. कायदा तिला राहू देतोय. बक्षिसांच्या जोरावर आणखी दहा-वीस वर्षं ती दिमाखात चालेलही. पण नुसत्या बक्षिसावर उभा असलेला खेळ हा भाड्याच्या स्टेडियमवरच्या खेळासारखाच. देणाऱ्याने हात आखडता घेतला की संपला. निवडणुका संपल्या, पुढाऱ्याला दुसरा छंद लागला, की जेसीबी बंद. तेव्हा त्या पंख्याखालच्या खिल्लाराचं काय होणार? त्याला नांगराची सवय नाही, आणि मालकालाही राहिलेली नाही.

मामेभावाला मी दोन लाख दिले नाहीत. मी त्याला सांगितलं, दोन एकरांत वर्षभर काम करणारी जोडी ठेव. तिच्या चाऱ्याचा आणि डॉक्टरचा खर्च मी तीन वर्षं देते. यात्रेला तीच जोडी पळव, हरली तरी चालेल. तो म्हणाला, "ताई, हरणाऱ्या जोडीला कोण विचारतं?" मी म्हटलं, "मामाला विचारायचे की." यावर तो गप्प बसला. अजून त्याचा होकार आलेला नाही, नकारही नाही. दिवाळीला पुन्हा विचारणार आहे.

माझी वीस मिनिटं झाली, सरांनी घड्याळ दाखवलंच. एक विनंती करून थांबते. ज्यांचे हात पहिल्यांदा वर आले त्या एकेचाळीस जणांनी, जमलं तर घरी गेल्यावर आईवडिलांना विचारून आपल्या शेवटच्या जोडीची नावं लिहून पाठवा. बैलांची नावं, रंग, कोणत्या वर्षी गेली, आणि कशामुळे काढली. दोन ओळी पुरे. स्मरणिकेच्या संपादकांनी दोन पानं राखून ठेवायचं कबूल केलंय. आणि ज्या चौघांकडे जोडी आहे, त्यांनी जेवताना माझ्या पंगतीला बसा. मला खूप विचारायचंय.